जळालेल्या गवतातली माला

वणवा विझून तीन दिवस झाले, तेव्हा मी डल्सी आत्याला घेऊन रानात गेले. सोबत ग्रेम होता, प्राण्यांचा अभ्यास करणारा. राखेतले ठसे वाचायला त्याला आत्याच लागायची.

माला म्हणजे आमच्या तनामी वाळवंटातला छोटा कांगारू. सशाएवढा, अंगावर तांबूस लव. दिवसा तो काटेरी गवताच्या झुबक्याखाली खळगा खणून दडतो. आता झुबकेच उरले नव्हते. कोल्ह्याची पावलं मात्र जिकडेतिकडे.

"सगळं फस्त केलं मेल्यानं," आत्या म्हणाली.

दुपारपर्यंत एकच जिवंत सापडली. मादी. ग्रेमनं तिला कापडी पिशवीत घालून वजनकाट्याला लटकवलं.

"सव्वा किलो. पूर्ण वाढलेली आहे."

"एवढीशी?" आत्या म्हणाली. "माझी चहाची किटली जड असेल हिच्यापेक्षा."

मग त्यानं तिच्या पोटाची पिशवी बोटानं हळूच उघडली. आत पिल्लू नव्हतं. चारांतलं एक स्तनाग्र मात्र लांब ओघळलेलं होतं. आताआतापर्यंत कुणीतरी त्याला चिकटून होतं.

"पळताना टाकलं असेल," ग्रेम म्हणाला.

आत्यानं तोंड फिरवलं. तिचा मुलगा गेल्या वर्षी गाडी उलटून गेला होता. तेव्हापासून, आमच्या लोकांच्या रीतीप्रमाणे, त्याचं नाव आम्ही कुणी घेत नव्हतो. घराभोवतीची त्याची पावलंही फांद्यांनी झाडून टाकली होती.

मादीला ग्रेमच्या संशोधन केंद्रावरच्या कुंपणात ठेवलं, एकटीलाच. पाचव्या दिवशी सकाळी आत्यानं मला हाक मारली.

"नोरीन, इकडे ये. काही बोलू नकोस, नुसतं बघ."

कुंपणाबाहेर वाळूत मालाचे ठसे होते, नराचे. कुंपणाभोवती एक अख्खा फेरा. कुठून आला, कुठे गेला, काहीच माग नाही.

"मादीचेच असतील," ग्रेम म्हणाला.

"मादी आत आहे रे बाबा, ठसे बाहेर आहेत. तीस वर्षं हेच करतेय मी, मला शिकवू नकोस."

त्यानं सापळे लावले. एकातही काही सापडलं नाही. ठसे मात्र रोज सकाळी ताजे असायचे. मला तिकडे एकटीनं जायची भीती वाटू लागली.

महिन्याभरानं ग्रेमनं मादीला पुन्हा तपासलं आणि तो थबकला. पिशवीत घेवड्याच्या दाण्याएवढं, उघडंबोडकं, मिटल्या डोळ्यांचं पिल्लू स्तनाग्राला चिकटलं होतं.

"नराशिवाय?" मी विचारलं.

"पहिलं पिल्लू पिशवीत असतानाच हिला दुसरा गर्भ राहिलेला असतो," ग्रेम म्हणाला. "पण तो वाढत नाही, पोटात निजून राहतो. पहिलं गेलं की जागा होतो. याचा बाप बहुतेक वणव्यातच गेला."

आत्यानं वाकून पिल्लाकडे पाहिलं.

"त्याला कळतं का, आपण थांबलोय ते?"

"नाही, कळत नाही."

"तुला काय माहीत?" ती म्हणाली. "आणि बाहेर फिरतोय तो कोण?"

ग्रेमनं मादीला पुन्हा कुंपणात सोडलं. आत्या खाली वाळूत बसली आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर मोठ्यानं रडली.

चार महिन्यांनी पिल्लू पिशवीतून बाहेर पडलं, आणि त्याच आठवड्यात ठसे थांबले. आत्या दक्षिणेला बहिणीकडे राहायला गेली. फोनवर खूप बोलते, शिकारीचं, नातवंडांचं. पिल्लाचं काय झालं, हे अजून एकदाही विचारलं नाही तिनं. जगलंय ते.