तळाचा कापूस

विमलताईंच्या घरातली पुढची खोली वेचणी सुरू झाली की कापसाची होते. माणसं ओसरीवर झोपतात, कापूस आत. त्या सकाळी गाडी भरून कळंबला, सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात गेली आणि ताई खोली झाडायला वाकल्या, तर फरशी ओली! कोपऱ्यात फवारणीचा पंप उभा. वेचणीच्या दिवसांत फवारणी कसली? त्यांनी पंप हलवून पाहिला. आत पाणी डचमळलं आणि ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी तिथूनच गाडीबरोबर गेलेल्या मुलाला फोन लावला.

"रजत, कापसावर पाणी मारलं तुनं?"

पलीकडून आधी नुसता जिनिंगचा घरघराट आला. मग रजत हसला.

"थोडंसंच, आई. वजन भरते. अन् गाडी खाली बी झाली. कोणी हात लावून पाह्यलं नाही. विमलताईची गाडी म्हणलं की झालं!"

हेच ताईंना झोंबलं. जिनिंगमध्ये येणाऱ्या प्रत्येक गाडीत खरेदीवाला घनश्याम खांद्यापर्यंत हात घालतो आणि तळाचा कापूस ओढून काढतो. वर पांढराशुभ्र आणि खाली ओला, कचऱ्याचा, असा माल त्याने जन्मभर पाहिला आहे. फक्त ताईंच्या गाडीत तो हात घालत नसे. नवरा गेल्यावर शेती त्यांनी एकटीने केली. किडका कापूस त्या निवडून वेगळा ठेवत, आणि पावसात भिजलेला असेल तर आपणहून सांगत, "हा भिजला होता, वेगळा धरा." त्या गाडीची ही इज्जत पाहूनच तांड्यावरचा लखीराम आपली चार गाठोडी त्याच गाडीत टाकायचा. आणि पोराने वापरलं काय, तर नेमकं तेच नाव!

ताई मिळेल त्या ऑटोने कळंबला पोचल्या आणि तडक घनश्यामपुढे उभ्या राहिल्या.

"भाऊ, माह्या गाडीतला कापूस ओला आहे. गंजीत मिसळू नका. लखीरामभाऊची गाठोडी तेवढी कोरडी आहेत."

वजनकाट्याजवळची माणसं वळून पाहू लागली. रजतचा चेहरा लाल झाला.

"आई, चारचौघांत माही इज्जत काढून राह्यली तू! सारेच मारतात पाणी. व्यापारी काट्यात मारतात, ते चालते?"

"नाही चालत! काट्यात मारते त्याच्याशी भांड ना, मी येते संगं. पण ज्यानं डोळे मिटून भरोसा ठेवला, त्यालेच फसवशीन? चोराचा राग भल्या माणसावर काढशीन? लाज नाही वाटत?"

घनश्यामने ओला कापूस बाजूला काढून उन्हात पसरायला लावला. नाही तर तो गंजीत तापला असता आणि शेजारचा चांगला मालही पिवळा पडला असता. मग तो ताईंकडे वळला.

"ताई, तुम्ही सांगतलं, तुमचे उपकार. पण पुढच्या गाडीत मले हात घालाच लागन. राग मानू नका."

"घाला," ताई म्हणाल्या. इतक्या वर्षांची कमाई पोराने एका पंपात बुडवली होती.

पुढच्या गाडीत घनश्यामने खरंच हात घातला आणि पहिलं गाठोडं निघालं लखीरामचं. बरोबर आलेला लखीराम रुमाल हातात धरून, आरोपीसारखा उभा. कापूस कोरडा ठणठणीत होता. तरी गाठोडं उसकटून, तळापासून उलथून पाहिलं गेलं. रजतला त्याच्याकडे बघवेना.

"काका, माह्यामुळं झालं हे," तो पुटपुटला.

"कापूस त वाळेलच होता, बापू," लखीराम म्हणाला. "पण तुया आईच्या गाडीत मी माल कायले टाकत होतो, हे तुले कधी समजलंच नाही." त्यानंतर त्याची गाठोडी दुसऱ्याच गाडीने जाऊ लागली.

घरीही तेच. ताईंनी कापसाच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली पदराला बांधली. रजत बाहेरून आला की त्या आधी पंपाला हात लावून पाहत. एक दिवस त्याचा बांध फुटला.

"पोटच्या पोरावर भरोसा नाही तुया?"

"नाही," ताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण शब्द त्यांनी मागे घेतला नाही. "मागून भेटत नाही तो. पहिल्यासारखा कमव."

रजत त्या दिवशी जेवला नाही. घनश्यामचा हात त्याला एवढा लागला नव्हता. आईचं हे "नाही" मात्र थेट काळजात गेलं. आपण काय गमावलं, ते त्याला तेव्हा कळलं!

पुढच्या खेपेपासून गाडी लागली की तोच ओरडायचा, "घनश्यामभाऊ, तळातून काढा!" दव वाळल्याशिवाय तो वेचणीला हात लावू देईना. खोली उघडायची असली की आधी आईला हाक मारी. कुरकुर नाही, तक्रार नाही.

शेवटच्या वेचणीला लखीराम गाठोडी घेऊन पुन्हा दारात आला. पूर्वी तो माल टाकून निघून जायचा. या वेळी तो स्वतः गाठोड्यांवर चढून बसला, थेट कळंबपर्यंत राखण करायला. रजतला ते लागलं, पण त्याने मान खाली घातली.

"बसा काका, नीट बसा. मी हळू चालवतो."

त्या दिवशीही घनश्यामने हात घातला. पण संध्याकाळी रजत परतला, तेव्हा खोलीची किल्ली पदराला नव्हती. ती दाराजवळच्या खुंटीला, तिच्या जुन्या जागी लटकत होती. त्याने तिला हात लावला नाही. आधी आईकडे पाहिलं.

"घे," ताई म्हणाल्या.

वाचकहो, "सारेच करतात" हे वाक्य आपणही रोज ऐकतो, आणि खरं सांगा, कधी तरी म्हणतोही. दुकानात, कचेरीत, आपल्याच घरात! ते म्हणण्याआधी एवढं ध्यानात ठेवा, की जो आपल्याला तपासत नाही तो मूर्ख नसतो. त्याने आपल्याला मोठा मान दिलेला असतो. त्यालाच आपण फसवलं, तर आपल्याबरोबर आपला लखीरामही तपासला जातो. आणि गेलेला तो मान परत हवा असेल, तर आपल्या मालात कुणी हात घातला म्हणून चिडू नका. गाठोडं आपल्या हाताने सोडा आणि तळ दाखवा.