उतरत गेलेलं रिझोल्यूशन

कुडवा गावातल्या योगराजच्या ऑनलाइन सेंटरमध्ये फॉर्म भरून देणाऱ्या भागीरथाबाई सगळ्यांच्या आधी हजर होत. मालक यायच्या आत त्यांना कॉम्प्युटरवर टर्मिनलची काळी चौकट उघडून, तिच्यात कमांड टाइप करून स्क्रीनचं रिझोल्यूशन उतरवायचं असे. ते उतरलं की अक्षरं मोठी होतात. संध्याकाळी निघताना परत चढवून ठेवायचं, म्हणजे कुणाला पत्ता लागत नाही. योगराज दिवसभर पुढच्या काउंटरवर झेरॉक्स काढण्यात गुंतलेला. बाईंच्या टेबलाकडे तो सहसा फिरकत नसे.

सेटिंगमधली बारीक अक्षरं त्यांना कधीचीच दिसेनाशी झाली होती. कमांड मात्र बोटांना पाठ होती. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, डोळ्याचा पडदा सुकत चाललाय, चष्मा लावून काही व्हायचं नाही. बाईंनी हे घरी सांगितलं नाही, दारी तर नाहीच. नवरा गेल्यावर विड्या वळता वळता त्या टायपिंग शिकल्या होत्या. ही खुर्ची गेली तर आपण कुठल्या कामाच्या, असं त्यांना वाटे.

दिवाळीला रिझोल्यूशनची एक पायरी उतरली, होळीला दुसरी. आज सकाळी ‘आठशे बाय सहाशे’सुद्धा धुरकट दिसलं.

तेवढ्यात बिरसी गावची खुशबू आली. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता.

“काकू, आजच भरून द्या जी, आज शेवटची तारीख हाय.”

“हो वो माय, भरून राहिली ना.”

योगराज चहाला बाहेर गेलेला पाहून बाईंनी सगळ्यात खालचा आकडा मारला, ‘सहाशे चाळीस बाय चारशे ऐंशी’. स्क्रीन काळी झाली आणि परत उजळली. अक्षरं एवढाली झाली असणार. त्यांना मात्र नुसता उजेड दिसला. याखाली आता पायरीच नव्हती. देवा, आता काय करू, असं त्या मनातल्या मनात ओरडल्या, आणि टेबलापलीकडून पोरगी सांगेल ते अंदाजानं भरत सुटल्या.

“काऊन जी काकू,” दारातून योगराजचा आवाज आला, “एवढी मोठी अक्षरं कायले केली? मले दारातूनच दिसून राहिलं, मोबाइल नंबर आडनावाच्या खान्यात गेला ना!”

बाईंनी नाक काचेला लागेपर्यंत मान पुढे नेली.

“कुठं जी?” त्यांनी विचारलं.

योगराज दारातून आत आला. जवळ येऊन त्यानं त्यांच्या हाताखालचा कीबोर्ड हळूच स्वतःकडे ओढून घेतला.