एका दिवसापुरती कॉट

गंगारामला कॉटवरून खाली घेताना सुनेत्राबाईंनी त्याची मान आणि खांदे धरले होते, त्याची बायको गोदा हिने कंबर आणि टेम्पोवाल्या दोघांनी पाय. पाय आपले धरायचे म्हणून धरायचे. दोन वर्षांपूर्वी आंबे काढताना तो कलमावरून पडला, तेव्हापासून त्याचं कमरेखालचं सगळं गेलं होतं. जमिनीवर चटई आणि चटईवर दोन गोधड्या घातल्या होत्या. सारवलेली जमीन पावसाने ओलसर झाली होती. खाली टेकल्यावर गंगाराम छपराकडे बघत म्हणाला, "आज वासं लय लांब दिसतायत."

टेम्पोवाल्यांनी हवेच्या गादीची गुंडाळी केली, तिचा विजेचा पंप सोडवला आणि कॉट दारातून आडवी करून बाहेर काढली.

सुनेत्राबाई तेहेतीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर रत्नागिरीतल्या सेवासेतू क्लबचं रुग्णसाहित्य केंद्र त्यांनी आपल्या घरच्या पुढच्या खोलीत घेतलं, त्यालाही अकरा वर्षं झाली. कॉट, व्हीलचेअर, वॉकर, जे लागेल ते माणसं मागायला यायची. क्लबच्या सभासद त्या नव्हत्या. पण कुठली वस्तू कुणाच्या घरी आहे आणि तो माणूस कसा आहे, हे एकट्या त्यांनाच ठाऊक असायचं. गंगारामकडे तर त्या हातखंब्याच्या पुढे एस.टी.ने जाऊन, वाडीपर्यंत चालत, दर पंधरवड्याला जात. त्याच्या पाठीखालची जखम भरून यायला सात महिने लागले होते. ती भरली ती या हवेच्या गादीमुळे, आणि त्यांच्या हातामुळे.

आदल्या दिवशी मुकुलचा फोन आला होता. मुकुल यंदाचा क्लबचा अध्यक्ष. गणपतीपुळ्याला त्याचं हॉटेल. प्रांतपाल, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या क्लबांचे प्रमुख, भेटीला येणार होते आणि त्यांच्याबरोबर कॉट-गादी देणारे मुंबईचे गृहस्थही. त्यांनी ती आईच्या स्मरणार्थ दिली होती आणि त्यांना ती बघायची होती. सुनेत्राबाई म्हणाल्या, मग त्यांना गंगारामच्या घरीच घेऊन जाऊ. मुकुल म्हणाला, वाडीचा रस्ता चिखलाचा, गाडी जाणार नाही, आणि वृक्षारोपण, शाळेतल्या नळांचं उद्घाटन, जेवण, सगळं एका दिवसात बसवायचं आहे. केंद्रातली दुसरी कॉट मांडा, असं सुनेत्राबाईंनी सुचवलं. पण देणगीदारांच्या आईच्या नावाची पट्टी गंगारामच्याच कॉटवर होती. मग सुनेत्राबाईंनी सरळ नाही म्हटलं. तेव्हा मुकुल अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ठीक आहे काकू. टेम्पोवाल्यांनाच पाठवतो. पेशंट कसा उचलायचा ते त्यांना माहीत नाही, एवढंच."

म्हणून त्या गेल्या. निदान स्वतःला त्यांनी तसं सांगितलं. पण भांडण झालं तर केंद्र दुसऱ्या कुणाच्या घरी जाईल आणि आपली पुढची खोली रिकामी होईल, ही भीतीही त्यांच्या मनात होती, आणि ती त्यांना नीट कळत होती.

गोदाने मात्र एका शब्दाने विरोध केला नाही. उलट गादीला वास नको म्हणून तिने पहाटेच ती साबणाच्या पाण्याने पुसून ठेवली होती. "ज्यानी दिलान त्याला बघुंदे की," ती म्हणाली. दोन-दोन तासांनी कूस बदलायला सांगून, दुपारी एकपर्यंत कॉट परत आणते, असा शब्द देऊन सुनेत्राबाई टेम्पोत बसल्या.

कार्यक्रमाच्या हॉलमध्ये कॉट मधोमध मांडली. तिच्यावर नवी चादर आली, हार आला. देणगीदार गृहस्थ आईच्या नावाच्या पट्टीवरून बोट फिरवत उभे राहिले. त्यांचे डोळे खरोखर भरले होते. फोटोला गादीवर पेशंट पाहिजे असं ठरलं, तेव्हा ऋत्विक नावाचा तरुण सभासद बूट काढून डोळे मिटून पडला. सगळे हसले. मग सुनेत्राबाईंना व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ दिलं आणि दोन शब्द बोलायची विनंती केली.

त्यांनी काही ठरवलं नव्हतं. माईक हातात आला आणि त्या बोलल्या, "ही कॉट सकाळी एका माणसाच्या अंगाखालून काढून आणली आहे. तो आता जमिनीवर पडलाय. त्याला खाली मीच ठेवलं. कार्यक्रम झाला असेल तर टेम्पो सोडा."

मग पहिल्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. प्रांतपालांनी चष्मा पुसला आणि माईक घेतला. असा क्लब आपण जिल्ह्यात पाहिला नाही, ते म्हणाले. इथे सेवा करणारा तर आहेच, पण सेवा घेणारासुद्धा आपल्यासाठी त्याग करतो.

टेम्पो सुटला नाही. तो वृक्षारोपणाची रोपं न्यायला गेला होता. तिथून तो खुर्च्या पोचवायला गेला. शाल मांडीवर घेऊन सुनेत्राबाई हॉलच्या पायरीवर बसून राहिल्या. वाडीवर पोचायला संध्याकाळचे सहा वाजले.

लावणीचे दिवस, वाडीतली सगळी माणसं शेतावर. हाक मारायला कुणी नव्हतं, तेव्हा गोदाने नवऱ्याला एकटीनेच ओढून ओढून कुशीवर वळवलं होतं, सांगितलं होतं तसं, बरोबर दोन-दोन तासांनी. त्या ओढण्यानेच पाठीखालची नवी कातडी फाटली होती. गोधडीवर ओला डाग पडला होता. गंगारामला तिथलं काही कळतच नव्हतं.

सुनेत्राबाईंनी जखम बघितली आणि टेम्पोवाल्यांना कॉट आत घ्यायला सांगितलं.

"नको," गंगाराम म्हणाला. "ऱ्हावंदे. वर ठेवलांव की परत खाली काढणार."

त्यांनी समजावलं. गादीशिवाय जखम भरणार नाही, वाढत जाईल, सगळं सांगितलं. आता कुणी न्यायला येणार नाही, मी येऊ देणार नाही, असंही म्हणाल्या.

गंगारामने त्यांच्याकडे बघितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. "सकाळी पण तुमीच व्हतांव ना, सिस्टर."

त्यांनी गोदाकडे बघितलं. गोदाने टेम्पोवाल्यांना कॉट घेऊन जा म्हणून हाताने खूण केली आणि कपाटातून आणखी एक गोधडी काढली.

सुनेत्राबाई गुडघे टेकून जमिनीवर बसल्या. त्यांनी जखम धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली. बाहेर टेम्पो चालू झाल्याचा आवाज आला आणि उताराला लागून कमी होत गेला. दोघींनी मिळून गंगारामला नव्या गोधडीवर घेतलं. या वेळी त्याला अजिबात ओढलं नाही.

पडवीत गोदा पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली. सुनेत्राबाईंनी साबण लावला आणि हात पुढे केले. ती बारीक धार धरून ओतत राहिली, त्या हात चोळत राहिल्या. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, पण त्यांनी ते मागे घेतले नाहीत. तांब्या रिकामा झाला तेव्हा गोदाने विचारलं, "आनखी देऊ?"