पोटात उतरणारी दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. दुर्बीण म्हटलं की तुम्हाला चांदण्या आठवतील, पण आकाश माझ्या नशिबी नव्हतं. मी आहे एक लवचीक नळी, टोकाला दिवा आणि बारीकसा कॅमेरा. माणसाच्या तोंडातून मी जठरात उतरते आणि आतलं चित्र डॉक्टरीणबाईंना पडद्यावर दाखवते. मित्रांनो, हे करून करून मी अगदी शिणले आहे.

नवी होते तेव्हा माझे कोण लाड! सिस्टर मला तान्ह्या बाळासारखी न्हाऊ घालायच्या. जठरातल्या जखमा, म्हणजे अल्सर, क्वचितच कुणाला होत असतील असं मला वाटायचं. कसचं काय! बाहेरची रांग कधी संपलीच नाही. दहा माणसांतल्या एखाद्याला तरी आयुष्यात हे होतंच, असं बाई म्हणायच्या. आणि येणारा प्रत्येक जण कुणावर तरी खापर फोडूनच आलेला असायचा. कुणी साहेबावर, कुणी सासूवर, बरेचसे तिखटावर.

एक न्हावीदादा मात्र विसरता येत नाहीत. गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली असताना ते भोवळ येऊन पडले. शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, पण लाजेपोटी घरात सांगितलं नव्हतं.

"हिच्या हातच्या तिखटानं माझं पोट जाळलं," दवाखान्यात आणल्यावर तपासणीच्या खाटेवरूनही ते म्हणाले.

"दोन वर्षं घरात मिरची आणली नाही मी!" दाराशी उभी असलेली बायको म्हणाली. "तरी बोल मलाच."

"दुखण्यावरच्या गोळ्या घेता?" बाईंनी विचारलं.

"त्या होय? त्या गुडघ्यांसाठी. दिवसभर उभं राहायचं म्हणजे... रोज सकाळी घेतो, उपाशीपोटी."

मी आत उतरले. नखाएवढी जखम होती, तिच्यातून रक्त झिरपत होतं; तेच काळं पडून शौचातून जात होतं. माझ्याच पोटातून बारीक अवजार सोडून बाईंनी ते थांबवलं. जठराच्या अस्तरातून तपासणीला काढलेल्या कणात एक जंतूही सापडला.

बाईंनी दोघांना समजावलं, "हा जंतू जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या पोटात असतो. बहुतेकांना त्रास देत नाही. तुमच्या जठराचं अस्तर त्यानं कमजोर केलं, त्यात गोळ्यांचा मारा. तिखटानं जळजळ वाढली असेल, पण जखम तिखटानं केलेली नाही."

न्हावीदादा बायकोकडे वळले. "चुकलं माझं," एवढंच पुटपुटले.

"चुकलं म्हणून भागतं होय?" बायकोनं पदरानं डोळे पुसले. "तुमच्यापायी मीपण दोन वर्षं मिळमिळीत गिळतेय. आधी बरे व्हा, मग भांडू."

औषधं पूर्ण करून ते परत आले तेव्हा जखम भरली होती. सगळ्यांच्या भरल्या नाहीत. काहींना आणलं तेव्हा फार उशीर झाला होता.

आता माझं आवरण तडकलंय, चित्र धूसर दिसतं. कपाटात खुंटीला लोंबकळते. कुणी विचारत नाही, त्याचं वाईटही वाटत नाही. मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना एवढं सांगा, दुखण्यावरच्या गोळ्या मनानं घेऊ नका आणि पोटाचं दुखणं लपवू नका. पलीकडे माझी नवी बहीण राबतेय. ती अजून उमेदीत आहे. तिला इतक्या लवकर थकवू नका.