आठ आकड्यांचा श्वास

एमआरआयच्या खोलीबाहेर श्यामने कानातलं ऐकण्याचं यंत्र काढून प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि चंद्रप्रभा धास्तावली. चष्मा, पट्टा, घड्याळ, किल्ल्या ट्रेमध्ये जाताना तिला काही वाटलं नव्हतं. यंत्र गेलं म्हणजे आता आत ती काही बोलली तरी त्याला ऐकू जाणार नव्हतं.

"तुमचं बरंय," ती त्याच्या समोर येऊन म्हणाली. "तुम्हाला तो आवाज ऐकावा लागणार नाही."

"काय?"

"काही नाही."

निळ्या कोटातली मुलगी आतून आली. गेल्या गुरुवारीही मशीनवर हीच होती. तिने चंद्रप्रभाच्या मनगटावरचं नाव वाचलं आणि ओळखीचं हसली.

"आंटी, पिछली बार वाली बात याद है ना? छोटी सांस."

"याद है," चंद्रप्रभा म्हणाली. कशी विसरणार होती?

सोनोग्राफीत यकृतावर एक डाग दिसला होता. तो कसला आहे ते या मशीनशिवाय कळणार नव्हतं, आणि फोटो नीट यायला दर वेळी श्वास रोखून धरावा लागत होता. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा श्याम मोठ्यांदा हसला होता. "श्वास? हिची मास्टरी आहे त्यात."

खोटं नव्हतं ते. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर करमेना, म्हणून चंद्रप्रभाने मयूर विहारच्या सोसायटीत श्वासाचा वर्ग सुरू केला, त्याला अकरा वर्षं झाली. दिवाळीनंतर हवा बिघडली की वर्ग बागेतून कम्युनिटी हॉलमध्ये यायचा. आठ आकडे आत, आठ बाहेर. कुणाला ब्लडप्रेशर, कुणाला सून, कुणाला निवृत्त झालेला नवरा. औषध सगळ्यांना एकच.

वर्गातली सगळ्यात लहान रेवती. तिचं ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गावर. येता-जाता मेट्रो बोगद्यात मध्येच थांबली की तिचा जीव घाबराघुबरा व्हायचा आणि ती फोन करायची, "काकू, मोजा ना." चंद्रप्रभा गॅस बारीक करून मोजायला लागायची. गाडी सुटली की रेवती "थँक्यू काकू" म्हणून लगेच फोन ठेवायची. मग चंद्रप्रभा पुन्हा भाजीकडे वळायची आणि आपला कुणाला तरी उपयोग आहे, या विचाराने तिला बरं वाटायचं.

आणि गेल्या गुरुवारी त्या नळीत आडवं पडल्यावर कानात सूचना आली, "सांस लीजिए," तेव्हा चंद्रप्रभाने श्वास घेतला तो वर्गात घेते तसाच. पोटापासून, सावकाश. आकडा चारवर असतानाच "रोकिए" आलं आणि मशीन ठणठणायला लागलं. तिची छाती अजून वर चाललेलीच होती. फोटो हलला. पुन्हा केलं, पुन्हा हलला. तिसऱ्या वेळी कानात आवाज आला, "आंटी, आपको सांस लेना नहीं आ रहा."

एरवी हे तिने वर्गात रंगवून सांगितलं असतं. पण तेव्हा वरचं पांढरं छत नाकाला टेकल्यासारखं वाटलं, हवा संपली, आणि बाहेर काढायची खूण म्हणून हातात दिलेला रबरी फुगा तिने दाबला तो तिला बाहेर काढेपर्यंत दाबतच राहिली.

हे तिने वर्गात कुणालाच सांगितलं नव्हतं. शनिवारी नेहमीसारखी समोर बसून तिने आठपर्यंत मोजलं होतं आणि पहिल्यांदाच तिला स्वतःची लाज वाटली होती.

आजही जमलं नाही तर भूल द्यावी लागणार होती, आणि त्यासाठी तारीख पुढच्या महिन्यातली. म्हणजे तो डाग पोटात घेऊन, तो कसला आहे ते न कळता, आणखी महिनाभर उठायचं, चहा करायचा, झोपायचं. ते तिला झेपणार नव्हतं. हे तिला पक्कं माहीत होतं.

ती फळीवर आडवी झाली. मुलीने पोटावर पट्टा बांधला, कानांवर हेडफोन चढवले, फुगा हातात दिला. श्यामला पायाशी स्टूल दिलं. "अंकल, बस पैर पकड़ लीजिए." तिने खुणेनेही दाखवलं. श्यामने मान डोलावली आणि चंद्रप्रभाच्या उजव्या पायाचा अंगठा मुठीत धरला.

फळी आत सरकली.

चंद्रप्रभाने डोळे मिटून घेतले. मनात आपोआप एक, दोन सुरू झालं आणि श्वास लांबायला लागला. तिने घाबरून मोजणं थांबवलं. अकरा वर्षं जी गोष्ट ती लोकांना देत आली, तीच इथे चालत नव्हती. आणि दुसरं तिच्याजवळ काहीच नव्हतं. फुग्याभोवतीची बोटं आवळली.

"सांस लीजिए. रोकिए."

ठणठणाट सुरू झाला. तिला ओरडावंसं वाटलं. ओरडून उपयोग नव्हता, ज्याला हाक मारायची तो बहिरा होऊन बसला होता.

तेव्हा तिला अंगठ्याशी काहीतरी जाणवलं. श्यामची मूठ थंडगार होती आणि ती थरथरत होती. आधी तिला वाटलं, मशीनचाच हादरा असेल. मशीन थांबलं. मूठ थरथरतच राहिली.

चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस घाबरलेला तिने पाहिला नव्हता. गुरुवारी घरी जाताना "अगं, होतं असं" म्हणाला होता आणि वाटेत मटार घ्यायलाही विसरला नव्हता. मी ठीक आहे हे त्याला कळावं म्हणून पायाचा अंगठा जरासा हलवावा, असं तिच्या मनात आलं. पण हलायचं नव्हतं. ती हलली नाही. ती फक्त त्या मुठीकडे लक्ष देऊन पडून राहिली. सूचना येत होत्या, ती छोटा श्वास घेत होती, रोखत होती, सोडत होती. भीती गेली नव्हती. फुग्यावरची बोटंही तशीच होती. पण त्यांनी तो दाबला नाही.

"हो गया आंटी," मुलगी म्हणाली. "इस बार सब फोटो बढ़िया आए."

"कुछ दिखा क्या?"

"वो डॉक्टर साहब बताएंगे. रिपोर्ट परसों." मुलीने नजर चुकवली, किंवा चंद्रप्रभाला तसं वाटलं.

टॅक्सी इंडिया गेटच्या बाजूला सिग्नलला अडकली. पाच वाजून गेले होते, धुरकट हवेत समोरच्या गाड्यांचे लाल दिवे तेवढे दिसत होते. श्यामने यंत्र अजून कानात घातलं नव्हतं. ते मुठीत धरून तो खिडकीबाहेर बघत होता. तेवढ्यात चंद्रप्रभाच्या पर्समधला फोन वाजला.

"काकू, मंडी हाउसच्या पुढे थांबलीये गाडी. दस मिनट झाली. लाइट पण गेलेत अर्धे. मोजा ना प्लीज."

चंद्रप्रभाने घसा साफ केला.

"एक," ती म्हणाली. "दोन. तीन."

चार तिच्या तोंडून निघालाच नाही. पलीकडे रेवतीचा धपापता श्वास ऐकू येत होता.

"काकू? आहात ना?"

"आहे गं. आज मोजता येत नाहीये मला."

"अच्छा. राहू द्या मग," रेवती म्हणाली. "मी तसंही मोजत नाही कधी. जमतच नाही मला ते आठपर्यंत, यार. तुम्ही फोनवर असलात की बस होतं. तुमचा कुकर वगैरे ऐकू येतो." ती जराशी थांबली. "आज कुकर नाहीये. कुठे आहात तुम्ही?"

चंद्रप्रभाने श्यामकडे पाहिलं. तो तसाच पाठमोरा होता. त्याला काही ऐकू जात नव्हतं.

"एमआरआय करून येतेय," ती म्हणाली. "यकृतावर डाग आहे काहीतरी. रिपोर्ट परवा मिळेल. मी फार घाबरलेय रेवती."

पलीकडे गाडीला हिसका बसल्याचा आवाज आला, डब्यातले लोक एकदम बोलायला लागले, आणि घोषणा झाली की पुढचं स्टेशन सुप्रीम कोर्ट.

गाडी सुटली होती. चंद्रप्रभा "थँक्यू काकू"ची वाट बघत राहिली. स्टेशन आलं, दारं उघडली, मिटली. पुढचं आलं.

रेवतीने फोन ठेवला नाही.