चौथ्या आकड्याचं गाव

आमच्या यांना मोनाली कडूचा हेवा वाटतो, हे ऑफिसात चहावाल्यासकट सगळ्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त यांना. घरी ताटावर बसले की सुरू. ती आज असं म्हणाली, तिनं तसं केलं, आजकालच्या पोरींना दोन अक्षरं आली की आभाळ ठेंगणं. भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढं विचारायलाही मला मध्ये जागा मिळायची नाही. खरं सांगायचं तर मलाही त्या पोरीचा राग यायला लागला होता. नवऱ्याच्या तोंडी रोज दुसऱ्या बाईचं नाव, मग ते शिव्या घालायला का असेना, कोणाला गोड लागेल?

शनवारा चौकाजवळ विनायकभाऊंची कंपनी आहे. आम्ही ‘घड’ नावाचं ॲप चालवतो. शेतकरी आपली केळी त्यावर टाकतो, व्यापारी फोनवरूनच बोली लावतात, सौदा ठरला की कापणीचा दिवस लागतो आणि गाडी बागेवर जाते. मी फोनवर बसते. शेतकऱ्याचं काही अडलं की शिव्या आधी मला. हे मात्र मोठे साहेब, निरंजन सर. पहिलं ॲप यांनी एकट्यानं लिहिलं होतं आणि ते यांनी कोणाला कधी विसरू दिलं नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. ॲपचा पहिला आकडा बदलला, एकचा दोन, दोनचा तीन झाला, की त्या आवृत्तीला एका गावाचं नाव द्यायचं. गाव कोणाचं, तर ज्यानं सगळ्यात जास्त काम केलं त्याचं. मग त्या गावात मंडप, नारळ, पेढे, आणि ॲप उघडलं की वरती ठळक अक्षरात गावाचं नाव. बारीकसारीक सुधारणा असली तर तीन-एक, तीन-दोन म्हणायचं, तिला नाव नाही आणि नारळही नाही. एकचं गाव शाहपुर, म्हणजे माझं सासर. दोनचं चांदनी, माझं माहेर. तेव्हा माझा भाऊ स्टेशनमास्तरांनासुद्धा पेढा देऊन आला होता. तीनचं तुकईथड, यांच्या मामांचं. तिन्ही वेळा काम यांचंच, म्हणून तिन्ही नावं आमच्याच घरातली, आणि चौथंही घरातच राहणार असं हे धरून चालले होते.

पण चौथं काम मोनालीचं होतं. नेपानगरची पोरगी. आजोबा अमरावतीकडून पेपर मिलच्या नोकरीला आले, वडीलही मिलमध्येच. क्वार्टरमध्ये जन्मलेली, केळी पाहिली ती हातगाडीवर. आली तेव्हा तिला केळीच्या बुडाशी फुटणारं पीलसुद्धा ओळखता येत नव्हतं. मग ती बागाबागांतून हिंडली, माझ्या बाजूला बसून शेतकऱ्यांचे फोन ऐकले. जुन्या ॲपमध्ये आजचा सौदा आजच कापायचा, आणि गाडी नाही मिळाली की बोंब. तिनं नव्यात आजचा सौदा उद्याच्या कापणीचा केला, म्हणजे आधी गाडी, मग कोयता. त्यासाठी आतलं सगळं पालटलं. शेतकरी वर्षानुवर्षं हेच तर मागत होते. यांना सुचलं नाही आणि तिला सुचलं, ही खरी मिरची.

नव्या आवृत्तीच्या मेळाव्याचा बॅनर छापायला टाकायचा होता, म्हणून विनायकभाऊंनी मीटिंग बोलावली. आकडा कोणता, नाव कोणतं.

“चार,” मोनाली म्हणाली. “पहिला आकडा बदलावाच लागेल, सर. तीन ठेवला ना, तर—”

“का बरं?” यांनी तिला मध्येच तोडलं आणि भाऊंकडे वळले. “भाऊ, तुम्ही बागायतदार. तुम्हीच सांगा. जुन्या खोडाच्या बुडाशी पील फुटलं आणि त्याचीच बाग वाढवली, तर तिला नव्या लागवडीची नवती म्हणता का तुम्ही?”

“नवती कशी म्हणू? पिलबाग झाली ती.”

“मग संपलं की! हिनं जे केलं ते माझ्या खोडावर. नोंदणी माझी, बोली माझी. कंद माझा, तर बाग नवी कशी? तीन-नऊ म्हणा. पिलबागेला कोणी नारळ फोडतं का?”

भाऊ खो-खो हसले. कॉम्प्युटरचं त्यांना अर्धं कळतं, पण केळीचं पूर्ण कळतं, आणि हे यांना चांगलं ठाऊक होतं.

“भाऊ, नावाचं राहू द्या ना,” मोनाली म्हणाली. “मतलब, नाव नका देऊ, चलेगा. पण जुने फोन—”

“आणि चार करून नाव काय देणार होतीस? नेपानगर?” हे म्हणाले. “तिथे केळी पिकते का कागद?”

आता मात्र कोणी हसलं नाही. मोनालीनं लॅपटॉप मिटला. “ठीक है, सर,” एवढंच म्हणाली.

मी दाराशी उभी होते. तिचं तोंड उतरलेलं पाहून मला बरं वाटलं, चांगलं गार वाटलं. त्या संध्याकाळी आमच्या ताटावर मोनालीचं नाव निघालं नाही आणि यांनी वांग्याच्या भाजीला चक्क छान म्हटलं.

सोमवारी रात्री तीन-नऊ सुरू झालं. मंगळवारी सकाळी पहिला फोन शाहपुरहून, माझ्या दिराचा, जीवनभाऊजींचा.

“वहिनी, गाडी कुठे राहिली? माल कटून पडला ना बांधावर!”

“आज कापला? अहो भाऊजी, काल रात्रीपासून नियम बदललाय. आज सकाळी लागला तो सौदा उद्याच्या कापणीचा.”

“माझ्या मोबाईलवर तर आजचीच तारीख दाखवून राहिली. मजूर कधीचे लागले कामाला.”

“तुम्ही नवं ॲप घेतलं नाही?”

“नवं कव्हा आलं? दादाच म्हणे, छोटंसं काही आहे, तीन-नऊ. म्हटलं घेऊ फुरसतीनं.”

तो ठेवला तर दुसरा, दुसरा ठेवला तर तिसरा. ज्यानं त्यानं जुन्याच ॲपवर उद्याचा सौदा आजचा म्हणून वाचला होता आणि कोयता चालवला होता. कापलेला घड काही परत झाडाला लागत नाही. उन्हात एक दिवस पडला की काळवंडतो, आणि दुसऱ्या दिवशी व्यापारी त्याला वापसी म्हणून बाजूला टाकतो.

झालं कसं, ते मोनालीनं भाऊंना सांगितलं तेव्हा मलाही कळलं. यांनीच कधीकाळी ॲपमध्ये एक नियम घातला होता. फोनमधल्या ॲपचा पहिला आकडा आपल्या चालू आकड्याशी जुळला तर आत येऊ द्यायचं. नाही जुळला तर दारातच अडवायचं आणि सांगायचं, आधी नवं घे. तीन-नऊ म्हणजे शेवटी तीनच. त्यामुळे जुना फोन एकही अडला नाही. स्वतःचाच नियम हे विसरून बसले होते.

“तुमचा सगळा कोड वाचलाय मी, सर,” मोनाली म्हणाली. “तेच सांगत होते त्या दिवशी.”

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, यांना निदान भांडता आलं असतं.

“आधी गाड्या,” ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “जयश्रीताई, कोणी कोणी कापलं ते विचारत जा, मी गाडीवाल्यांशी बोलते. आणि सर, तोपर्यंत चार करा. पासवर्ड तुमच्याकडेच आहे.”

हे बसले. पाठीमागे विनायकभाऊ उभे. यांनी तीनचा चार केला. लगेच पडद्यावर गावाच्या नावाची चौकट आली; अडलेल्या फोनवर ‘आधी नवं घे’ हा निरोप त्याच नावानं जातो. ती रिकामी सोडता येत नाही. तीही यांनीच तशी करून ठेवलेली.

हे मोनालीकडे वळले. मग म्हणाले, “नेपानगर लिहू?”

मोनालीच्या कानाला फोन होता. तिनं तो खाली घेतला आणि पडद्याकडे पाहिलं. तिला ते नाव हवं होतं. बाई बाईचं तोंड ओळखते, मला सांगायला नको.

“नको, सर,” ती म्हणाली. “शाहपुरच टाका परत. ठगीचे मेसेज किती येतात आजकाल, नेपानगर पाहिलं तर लोक हातसुद्धा लावणार नाहीत. म्हणतील, हे केळीवाले नाहीत. शाहपुर पहिल्यापासून ओळखीचं आहे. बघितलं की दाबतील.”

यांची बोटं हलेनात.

“लिहा ना, सर. फोन वाजून राहिलेत.”

यांनी शाहपुर लिहिलं. तिचं खरं ठरलं. दुपारपर्यंत माझे फोन कमी झाले, आणि तिनं चांदनीपासून तुकईथडपर्यंत कुठून कुठून गाड्या फिरवून बहुतेकांचा माल उचलला. जीवनभाऊजींचा अर्धा माल मात्र वापसीत गेला. दादाशी बोलायचं नाही, असा त्यांनी मलाच फोन करून निरोप दिला.

संध्याकाळी मी ताटं वाढली. हे भाजी चिवडत बसले.

“मेळावा शाहपुरला आहे,” हे म्हणाले. “भाऊ म्हणतात, नारळ मीच फोडायचा.”

“फोडा मग. तेच तर हवं होतं.”

“मी विचारलं होतं तिला. सगळ्यांसमोर विचारलं, नेपानगर लिहू का म्हणून.”

“विचारलं होतं.”

“ती हो म्हणाली असती तर लिहिलं असतं.”

“लिहिलं असतं, आणि जन्मभर तिला ऐकवलं असतं,” मी म्हणाले.

मला वाटलं आता भडकतील. हे नाही भडकले. पोळीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, “तिच्या जागी मी असतो ना जयश्री, तर माझंच गाव टाकलं असतं. फोन वाजोत नाहीतर फुटोत. मला नसतं जमलं. मोठ्या मनाची आहे पोरगी.”

इतके दिवस मी तिच्यावर नुसतीच चिडत होते. खरा हेवा वाटला तो त्या क्षणी. इतक्या वर्षांच्या संसारात असं वाक्य यांनी माझ्याबद्दल एकदाही म्हटलेलं नाही.