तंजावरचा पावसाळा

नानासाहेब पेशव्यांच्या अमलातली गोष्ट. मार्गशीर्ष सरत आला होता. पुण्यावर लख्ख ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात श्यामला बोचकं मांडीवर घेऊन बैलगाडीत बसली होती. थोरला भाऊ दिगंबर तिला माहेरी, वाईला नेत होता. कायमची.

तिचा नवरा अनंत तीन वर्षांपूर्वी तंजावरला दरबारी कारकुनीवर गेला होता. वैशाखात एका यात्रेकरूबरोबर त्याचा निरोप आला : 'पावसाळा सरला की निघतो.' पावसाळा सरला, दसरा गेला, दिवाळी गेली. "तिकडे दुसरी चूल मांडली असेल," शेजारीण म्हणाली. श्यामलेला ते खरं वाटू लागलं होतं.

रविवार पेठेत दिगंबरने गाडी थांबवली. त्याला उपरणं घ्यायचं होतं. मकबूल कापडवाल्याच्या दारात दोरीवर कोरी लुगडी वाळत होती आणि त्यांना कुबट वास येत होता.

"आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि माल भिजला?" दिगंबर म्हणाला. "मुठेत बुचकळून विकता की काय?"

"भिजला तंजावरात, वाळतोय पुण्यात," मकबूल वैतागून म्हणाला. "कार्तिकात गठ्ठे निघाले, तेव्हा तिकडे पाऊस नुसता कोसळत होता."

श्यामला गाडीतून खाली उतरली. "कार्तिकात पाऊस?"

"तिकडचं सगळं उलटं, बाई. आषाढात तुम्ही इथे चुलीपाशी हात शेकता, तेव्हा तिथे ऊन डोकं फोडतं. आपली दिवाळी आली की त्यांचा पावसाळा लागतो, तो पौषाशिवाय उघडत नाही. आणि थंडी म्हणाल, तर अंगावर घोंगडी घेतलीत की लोक वैद्य बोलावतील!"

"म्हणजे आत्तासुद्धा...?"

"धो धो!"

"दादा, गाडी वळव!" श्यामला इतक्या मोठ्याने ओरडली, की अर्धी पेठ वळून बघू लागली. "अरे, पावसाळा सरलाच नाही अजून! स्वारी तिकडच्या पावसाचं बोलत होती, आणि मी इकडच्या उन्हात रडत बसले!"

"आणि पौषानंतरही नाही आले, तर?"

"तर वाईला नको, तंजावरलाच सोड मला. विचारते, तुमच्याकडे वर्षाला पावसाळे किती?"

दिगंबरने उपरणं न घेताच बैल वळवले.

दारातच शेजारीण भेटली. "काय गं, लगेच परत?"

"पावसाने अडवलं," श्यामला म्हणाली, आणि हसत हसत त्या लख्ख उन्हात बोचकं सोडू लागली.